दोष वरचा, आळ खालच्यावर



या व्यासपीठावर इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह, राजे आणि राज्यक्रांत्या हे विषय श्रोत्यांच्या परिचयाचे असतात. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. तो मनुष्याच्या तोंडात, दोन बोटे रुंदीच्या टाळूवर मावणारा आहे. पण सत्य समोर दिसत असूनही जाणती माणसे ते कसे नाकारतात, आणि नाकारलेले सत्य पुन्हा हाती यायला किती काळ जातो, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याला हा लहानसा विषय पुष्कळ शिकवतो.

काही माणसांचे तोंड मिटले असता खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. निसर्गाचा नेम याच्या उलट आहे. डब्यावर झाकण बसावे तसा वरचा दंतपंक्तीचा कमानीसारखा घेर खालच्या घेरावर बाहेरून बसतो. हा नेम मोडला की हनुवटी पुढे आलेली दिसते, घास पुढच्या दातांनी तुटत नाही, काही उच्चारही अडखळतात. आजच्यापुरते आपण याला ‘उलटा चावा’ म्हणू. असे तोंड पाहिल्यावर कोणीही एकच गोष्ट बोलेल: याचा खालचा जबडा फार वाढला आहे. सामान्य माणसाचे हे मत शहाण्या वैद्यांचेही मत होते, आणि ते थोडीथोडकी वर्षे नव्हे, काही शतके टिकले. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे सत्य कसे सापडले, कसे हरवले आणि पुन्हा कसे सापडले, तेच आज सांगावयाचे आहे.

या दोषाची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे युरोपातील एका राजघराण्यात सापडतात. हाप्सबुर्ग घराण्याने ऑस्ट्रिया, स्पेन, नेदरलँड्स आणि अमेरिकेतील विस्तीर्ण वसाहती यांवर राज्य केले. त्यांची पुढे आलेली हनुवटी इतकी ठळक होती की तिला घराण्याचेच नाव पडले. सम्राट पाचवा चार्ल्स (१५००–१५५८) याच्या दरबारी असलेला व्हेनिसचा वकील गास्पारो कोन्तारिनी याने १५२५ साली आपल्या सिनेटला अहवाल दिला. सम्राटाचा खालचा जबडा इतका लांबरुंद आहे की तो मुळाचा न वाटता चिकटवल्यासारखा वाटतो, तोंड मिटले तरी दात एकमेकांना लागत नाहीत, आणि बोलताना वाक्याच्या शेवटचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, अशा आशयाची नोंद त्यात आहे. ज्याच्या एका शब्दावर अर्धा युरोप हालत होता, त्याचे शब्द शेजारी बसलेल्यालाही स्पष्ट कळत नव्हते!

याच घराण्यातील चौथा फिलिप याची चित्रे थोर चित्रकार व्हेलाझ्केझ याने काढली. हा फिलिप आपल्याला अगदीच परका नाही. १६२१ ते १६४० या काळात तो पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे गोवा, वसई आणि चौल येथील कारभार त्याच्याच नावाने चालत होता. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याच्यापाशी स्पेनची हाप्सबुर्ग शाखा संपली. माद्रिदच्या दरबारातील इंग्रज वकील स्टॅनहोप याने लिहून ठेवले आहे की या राजाचे वरचे व खालचे दात एकमेकांना भिडतच नसत, आणि म्हणून त्याला अन्न न चावता गिळावे लागे. तेव्हा हा दोष केवळ रूपाचा नाही. ज्याला तो असतो त्याला दर जेवणाच्या वेळी त्याची आठवण होते.

घराण्यातल्या घराण्यात लग्ने करून राज्य राखण्याची या मंडळींची रीत होती. दुसऱ्या चार्ल्सचे आईबाप हे नात्याने भाची आणि मामा. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालल्यामुळे त्याचा अंतःप्रजननाचा गुणांक ०.२५४ इतका येतो. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याचा तो ०.२५ असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली या घराण्यातील १५ व्यक्तींची ६६ चित्रे जबड्यांच्या शल्यवैद्यांपुढे ठेवून एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंतःप्रजनन आणि पुढे आलेला खालचा जबडा यांचा संबंध त्यात दिसला, ही गोष्ट वर्तमानपत्रांनी गाजवली. पण त्या वैद्यांना आणखीही एक गोष्ट मोजावयास दिली होती, ती म्हणजे वरच्या जबड्याचे खुजेपण. तेही या चेहऱ्यांत आढळले, आणि दोन्ही दोष बहुधा हातात हात घालून चालत होते. चित्रकारांनी ते प्रामाणिकपणे रंगवले होते. गालांची सपाटी, नाकाच्या बाजूचा खोलगटपणा, आत गेलेला वरचा ओठ, हे सारे चित्रात होते. पण बघणाऱ्यांची नजर चारशे वर्षे हनुवटीवरच खिळून राहिली.

वैद्यांची नजरही तेथेच खिळली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये कातालां याने खालच्या दातांवर उतरता पत्रा बसवून, तोंड मिटताना वरचे दात पुढे सरकतील अशी युक्ती केली. ती दातांपुरती होती. जर्मनीत क्नाइझेल याने १८३६ साली हनुवटीला टोपीसारखी पट्टी लावून ती डोक्यावर बांधण्याचा उपाय सांगितला. फार वाढले आहे ना, मग त्याला मागे रेटा, हा सरळ तर्क. अमेरिकेत हलिहेन या शल्यवैद्याने १८४९ साली एका भाजलेल्या मुलीच्या लांबलेल्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे १८९७ च्या सुमारास सेंट लुइस येथे ब्लेअर याने खालच्या जबड्याचे दोन्ही बाजूंचे तुकडे काढून तो मागे घेतला. ज्या काळी जंतूंचे ज्ञान नवे होते आणि प्रतिजैविके नव्हती, त्या काळी हाडे कापण्यापर्यंत मजल गेली. पण दोष वरच्या जबड्यात तर नाही ना, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आता आपण ज्या मनुष्यापाशी येत आहोत त्याने हा प्रश्न विचारला असे म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे उलट्या चाव्याचा रोगी नव्हताच. पण वरचा जबडा हलवता येतो हे त्याने दाखवले, आणि पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. एमर्सन एंजेल हा सान फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी गजबजलेले ते शहर. तेथे विद्येची मोठी पीठे नव्हती. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली. तिचा वरचा घेर अरुंद होता आणि दातांना जागा अपुरी होती. त्या काळचा सरळ उपाय म्हणजे एखाददुसरा दात उपटणे. एंजेलने दात उपटला नाही. त्याने टाळूवर आडवे बसेल असे एक मळसूत्र तयार केले. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. म्हणजे मधला भाग फिरवला की दोन्ही टोके बाहेर सरकणार. ते त्याने दोन्ही बाजूंच्या उपदाढांमध्ये टेकवले, किल्ली मुलीच्या हाती दिली आणि ती रोज फिरवावयास सांगितली.

दोन आठवड्यांत घेर रुंद झाला. पण खरी नवलाची गोष्ट निराळीच होती. पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. या दोन दातांना यंत्राचा स्पर्शही नव्हता. जोर मागच्या दातांवर, आणि फट पुढे! याचा अर्थ एकच होऊ शकतो, असे एंजेलने ताडले. वरचा जबडा हे एक हाड नसून डाव्याउजव्या दोन हाडांची जोडी आहे, आणि ती टाळूच्या मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेली असते. दात हाडातून सरकले नव्हते; ती शिवण उसवून हाडेच दोन बाजूंना गेली होती, आणि आपापल्या दातांना सोबत घेऊन गेली होती. १८६० साली त्याने हा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ‘डेंटल कॉसमॉस’ या फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित मासिकातही तो छापला गेला.

लेख छापला खरा, पण संपादकांनी त्याला आपली शंका जोडली. वरच्या जबड्याची हाडे भोवतालच्या हाडांशी इतक्या घट्टपणे गुंतलेली असतात की ती अशी वेगळी होणे फारच संशयास्पद वाटते, असा त्यांचा रोख होता. मुलगी त्यांनी पाहिली नव्हती, यंत्रही वापरून पाहिले नव्हते. तरी त्यांना केवळ दुराग्रही म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. शवविच्छेदनात जी कवटी हाती येते ती बहुधा प्रौढाची असते, आणि प्रौढाची ती शिवण खरोखरच दातेरी होऊन एकमेकांत अडकलेली असते. मेलेल्या प्रौढाच्या हाडावरून त्यांनी जिवंत, वाढत्या मुलीच्या हाडाचा निर्णय केला. त्यांचे पुस्तक खोटे नव्हते. ते दुसऱ्या वयाचे होते. आणि एंजेलजवळ उलटा पुरावा देण्याचे साधन नव्हते. राँटजेनचे क्ष-किरण सापडायला १८९५ साल उजाडावे लागले, म्हणजे अजून ३५ वर्षे अवकाश होता. त्याच्याजवळ होती ती फक्त दोन दातांमधली एक फट, आणि तीही काही काळाने आपोआप मिटते!

एंजेलनंतर अधूनमधून काही दंतवैद्य हा उपाय करीत राहिले. शतकाच्या अखेरीस नाकाचे वैद्यही त्याकडे वळले, कारण टाळू हीच नाकाची जमीन आहे. ती रुंदावली तर नाकही मोकळे होईल असा त्यांचा कयास. पण कोणत्याही उपायाला त्याच्या शत्रूंइतकेच त्याचे अतिउत्साही मित्र घातक ठरतात. टाळू रुंद करून नाना व्याधी बऱ्या करण्याच्या गोष्टी निघू लागल्या आणि विचारी लोक दूर झाले.

याच सुमारास या शास्त्राला एक प्रबळ पुरुष लाभला. त्याचे नाव एडवर्ड अँगल. १८९९ साली त्याने वाकड्यातिकड्या दंतपंक्तींचे तीन वर्ग पाडले, आणि ते आजही जगभर शिकवले जातात. उलटा चावा हा त्यातला तिसरा वर्ग. पण हे वर्ग पाडताना त्याने मोजमापाचा खुंटा कोठे रोवला? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेवर. ही दाढ आपल्या जागी स्थिर असते असे त्याने धरले, आणि खालची दाढ तिच्या पुढे की मागे हे पाहिले. आता जो खुंटाच अचल मानला तो सरकला आहे हे मोजणार कसे? वरच्याला निर्दोष ठरवूनच मोजणीला सुरुवात झाली होती. मग दोषी खालचाच निघणार. शिवाय दात हळूहळू योग्य जागी नेले की त्यांच्याभोवती हाड आपोआप वाढते, अशी या पंथाची श्रद्धा होती. तेथे शिवण उसवण्याच्या धसमुसळ्या उपायाला कोण विचारतो? १९३० च्या सुमारास अमेरिकेत टाळू रुंदावण्याचा उपाय जवळजवळ बंद पडला.

मात्र ज्या साधनाने शेवटी सत्य बाहेर यायचे होते ते याच काळात तयार झाले. १९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे ब्रॉडबेंट याने, आणि त्याच वर्षी जर्मनीत होफराथ याने, डोके एका ठरावीक स्थितीत धरून त्याची क्ष-किरण छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता एकाच मुलाचे डोके दरवर्षी त्याच मापाने पाहता येऊ लागले. दोन्ही जबडे कवटीच्या तळाशी ताडून पाहता येऊ लागले. एक जबडा दुसऱ्याच्या साक्षीवर सोडण्याची गरज उरली नाही. न्यायालयात तिसरा, निःपक्षपाती साक्षीदार यावा तसे हे झाले. मग जे दिसले ते असे: १९५५ साली सॅनबॉर्न याने उलट्या चाव्याच्या प्रौढांची मापे घेतली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांत खालचा जबडा यथायोग्य असून वरचाच मागे राहिलेला होता. १९८४ साली एलिस आणि मॅक्‌नामारा यांनी ३०२ प्रौढांची मापे प्रसिद्ध केली. त्यांत वरचा जबडा मागे असलेल्यांचे प्रमाण, एकटा असो की खालच्या दोषासह, साठ टक्क्यांहून अधिक भरले. खालचा जबडा निर्दोष सुटला असे नव्हे. कित्येकांत तो खरोखरच अधिक वाढलेला असतो. मेंदूतळाच्या ग्रंथीच्या विकाराने तर तो प्रौढपणीही वाढू लागतो. पण सर्व आळ त्याच्या एकट्यावर घेण्याचे दिवस संपले.

आणि एंजेलचे मळसूत्र? युरोपात ते पूर्ण विसरले गेले नव्हते. जर्मनीतील कोर्कहाउस या प्राध्यापकांनी १९५०–६० च्या दशकात शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाला भेट दिली आणि आपले रोगी व त्यांची छायाचित्रे दाखविली. तेथे शिकत असलेल्या अँड्र्यू हास याने प्रथम डुकरांच्या पिलांवर प्रयोग केले आणि मग मुलांवर उपचार केले. टाळूवर आम्लजन्य राळेची गादी, तिच्यात मध्यभागी मळसूत्र आणि दातांना कड्या, असे त्याचे यंत्र. १९६१ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. क्ष-किरणांच्या छायाचित्रात मध्यरेषेवर काळी फट स्वच्छ दिसत होती, आणि पुढच्या दोन दातांमध्ये तीच जुनी फट. एंजेलने जे अनुमानाने सांगितले होते ते १०१ वर्षांनी डोळ्यांना दिसले. गंमत अशी की हा लेख ज्या नियतकालिकात आला ते अँगलच्याच नावाने चालते.

यंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगतो. किल्लीचा पाव फेरा म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. दिवसातून दोन वेळा फिरवले की अर्धा मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत पुरेशी रुंदी येते. मग मळसूत्र तसेच बांधून काही महिने ठेवतात, म्हणजे उसवलेल्या जागी नवे हाड भरते. ही घाई मुद्दाम केलेली असते. जोर फार मंद असला तर दातच बाहेर कलतात आणि हाड जागीच राहते.

पण रुंदी वाढवून पुढेमागेपणाचा दोष कसा सुधारावा? हा प्रश्न योग्य आहे. उलट्या चाव्याच्या मुलांत वरचा घेर पुष्कळदा अरुंदही असतो. दाढाही उलट्या मिटतात. रुंदी दिली की तो भाग सुटतो. हासला काही मुलांत वरचा जबडा किंचित पुढे आणि खालीही आलेला दिसला. पण एवढ्याने भागत नाही. खरे पुढे ओढण्याचे काम फ्रान्समधील नान्त येथील देलेअर याने १९७० च्या सुमारास हाती घेतले. कपाळ आणि हनुवटी यांवर टेकणारा एक मुखवटा, आणि त्यापासून वरच्या दातांना ताणलेले रबराचे वेढे. पाहा, शतकभर जी हनुवटी मागे ढकलण्याची वस्तू होती ती आता टेकू झाली, आणि ओढ वरच्याला लागली! टाळू रुंदावताना भोवतालच्या शिवणीही सैल होतात, म्हणून आधी मळसूत्र आणि मग मुखवटा अशी रीत पडली. येथेही शास्त्राने स्वतःला तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, घेर अरुंद नसेल तर आधी रुंदावल्याने मुखवट्याचे काम फारसे अधिक होत नाही असे दिसले. हनुवटीच्या टोपीचीही तपासणी झाली. १९९० साली जपानी संशोधकांनी मुलींना वाढ पुरी होईपर्यंत पाहून सांगितले की टोपीने प्रथम सुधारलेला चेहरा पुढे तसा टिकत नाही.

शस्त्रक्रियेची कथाही हीच वाट चालली. ओब्वेगेझर याने १९५७ मध्ये खालचा जबडा उभा चिरून मागेपुढे करण्याची पद्धत मांडली. आणि वरचा जबडा सुटा करून पुढे आणण्याची त्याची पद्धत १९६९ साली आली. येथेही खालचा आधी, वरचा मागाहून.

मग या साऱ्याचा रोग्याला लाभ काय? इंग्लंडात ७ ते ९ वर्षांच्या ७३ मुलांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली. एका गटाला टाळूचे यंत्र व मुखवटा दिला, दुसऱ्याला काही दिले नाही. सहा वर्षांनी तज्ज्ञांनी पाहिले, तेव्हा पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असे पहिल्या गटात १०० पैकी ३६ जणांना वाटले, दुसऱ्यात ६६ जणांना. हा निष्कर्ष २०१६ साली छापला गेला. उपाय रामबाण नाही; १०० पैकी ३६ ही काही थोडी संख्या नव्हे. पण सातव्या वर्षी केलेल्या काही महिन्यांच्या उपचाराने जर कित्येक मुलांची विसाव्या वर्षीची शस्त्रक्रिया टळत असेल, तर ते थोडे नाही.

आणि येथे वयाचा मुद्दा पुन्हा येतो. मेल्सेन या डेन्मार्कच्या विदुषीने १९७५ साली मृत मुलांच्या आणि तरुणांच्या टाळूंचे सूक्ष्म छेद तपासून दाखविले की ही शिवण बालपणी जवळजवळ सरळ असते, पुढे नागमोडी होते आणि वाढ संपता संपता दाते एकमेकांत अडकावेत तशी घट्ट होते. अलीकडे हाडातच लहान स्क्रू बसवून प्रौढांतही ती उघडण्याचे प्रयत्न होत आहेत, पण जे बालपणी किल्लीने होते त्याला मोठेपणी बराच खटाटोप लागतो. आपल्याकडे दंतवैद्यकाचे शिक्षण नवे नाही, कलकत्त्याला डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली दंतमहाविद्यालय काढले, मुंबईचे नायर महाविद्यालय १९३३ चे. पण घरोघरी मुलाचे खालचे दात पुढे दिसले की वडीलधारी मंडळी म्हणतात, “दुधाचे दात पडू देत, मग होईल नीट,” किंवा “आजोबांचीच हनुवटी आहे, त्याला काय करणार?” हनुवटी आजोबांची असेलही, पण टाळूची शिवण त्या मुलाची आहे, आणि ती आज उघडी आहे. सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवण्याचा खर्च थोडा आहे. न दाखवण्याचा किती, ते पंधरा वर्षांनी कळते.

सभ्यहो, या कथेत खलपुरुष कोणी नाही. संपादक विद्वान होते, अँगल असामान्य बुद्धीचा होता, हनुवटीला पट्टी बांधणारे वैद्य रोग्याचे हितच पाहत होते. त्यांची चूक एवढीच की जे पुढे आलेले दिसले त्यालाच त्यांनी दोषी धरले, आणि जे मागे राहिले होते त्याची चौकशी केली नाही. संसारात, राज्यकारभारात आणि शाळेच्या वर्गातही ही चूक आपल्या सगळ्यांच्या हातून होते. सान फ्रान्सिस्कोच्या त्या दंतवैद्याचा मोठेपणा असा की आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचा जो अर्थ निघतो तोच त्याने सांगितला. पुस्तकात बसत नाही म्हणून बदलला नाही. तो अर्थ लोकांना पटायला १०१ वर्षे गेली. तेवढ्या काळात ज्या मुलांच्या शिवणी मिटून गेल्या, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.